ताणावरचा बगीचा

संत्र्याचं झाड लय हरामी. खाऊपिऊ घातलं का नुसतं पाल्यानं माजते, फूल काही देत नाही. त्याले फूल आणायचं असलं तं आधी तहानेनं मारा लागते. ऐन मे महिन्यात त्याचं पाणी तोडायचं. पानं मुरडली पाहिजे, पिवळी पडली पाहिजे, गळाली पाहिजे. झाडाले वाटलं पाहिजे का आता मी मेलो. मंग मृगाचं पाणी पडलं का ते मरणाच्या भेवानं फुलते. याले बगीचेवाले ताण म्हणते. ताणाले मी वाईट म्हणत नाही बाप्पा, आमच्या भागातले लोक त्याच्यावरच जगते. पण ज्या माणसाले कोणी त्या झाडावानी ताणावर ठेवलं होतं, त्याच माणसाले ताणाचा पहारेकरी करू नये, एवढी अक्कल मालकाले असाले पाहिजे होती. वकील होता म्हणे.

तो माणूस म्हणजे माहा नवरा, जयवंता. नवऱ्याचं नाव घेऊ नये असं माही सासू सांगे. पण नागपूरले जाऊन दीक्षा घेतली तवा लय काही सोडलं, त्याच्यात हेही सोडलं. जयवंता म्हणजे जयवंता. उंच, काळा, पाठीत जरासा वाकलेला, आणि बोलणं इतकं कमी का लोक मलेच विचारत, तुया नवऱ्याले जीभ आहे का नाही वं इंदूबाई.

आम्ही बोरडोहच्या शिवारात, बगीच्याच्या कोपऱ्यावर झोपडीत राहत होतो. बाजूच्या झोपडीत माहा लहान भाऊ गोविंदा. दोघंही मधुसूदनराव वकिलाचे सालदार. वकीलसाहेबाचे पणजे भोसल्यायच्या दप्तरात होते म्हणे, तवापासून ही जमीन त्यायची. साहेब नागपूरले कोर्टात जाये आणि प्रताप नगरात बंगला बांधून राह्यला होता. इथचा कारभार भैय्याजी पाहे. भैय्याजी म्हणजे पांढरं धोतर, तोंडात सुपारी, आणि हातात नेहमी काहीतरी मारासारखं.

आम्हाले गाव सोडून बगीच्यात काहून या लागलं, तेही सांगतो. दीक्षा घेतल्यावर आमच्या लोकायनं मेलेली ढोरं ओढणं बंद केलं. गावानं म्हटलं, ढोर ओढत नाही तं नाल्यावरचं पाणीही भरू नका. आमच्या बायकायचे डोक्यावरचे पाण्याचे गुंड फोडले, एकीचं डोस्कंही फोडलं. तवा वकीलसाहेब म्हणाला, मले बगीचा लावायचा आहे, माणसं पाहिजे, तुम्ही माह्या विहिरीवर पाणी भरा. उपकार केले असं तो समजे. आम्हीही तसंच समजत होतो, खोटं काहून बोलू. गावात पाणी नाही आणि बगीच्यात आहे, एवढा साधा हिशेब. ती झोपडी गेली तं पाणी गेलं.

बगीचा जयवंतानंच लावला. मुरमाड जागा, पहारीनं खड्डे खोदले, गाडीनं गाळ आणून टाकला, बोटाएवढी कलमं लावली. पहिल्या उन्हाळ्यात तो खांद्यावर कावड घेऊन एकेका कलमाले पाणी पाजे. पोरीचं नाव प्रेमिला ठेवलं तेही त्यानंच, पण तिले कडेवर घेतलं नसन तितक्या वेळा त्यानं त्या झाडायले हात लावला. मी चिडून म्हणो, तुम्ही त्या झाडासंगच लगन लावा. तो कावड उचलून चालू लागे.

त्याच्या डोक्यात काय होतं ते समजाले लढाईचं सांगा लागते. मोठ्या लढाईचं, साऱ्या जगात झाली ती.

तवा तो वीस-एकवीसचा असन. अंगात ताप, आणि मालगुजाराची म्हैस मेली. याची वेठ होती. हा म्हणे उद्या ओढतो, उठवत नाही. मालगुजाराच्या माणसायनं त्याले घरातून फरफटत नेलं, दाव्यानं मारलं आणि म्हशीचे पाय त्याच्या कमरेले बांधून ओढाले लावली. ताप तसाच घेऊन तो कामठीच्या छावणीत गेला आणि मजुरायच्या पलटणीत भरती झाला. बूट भेटते, दोन वक्ताले जेवण भेटते, आणि कोणी जात विचारून भाकर फेकत नाही, असं त्याले कोणी सांगितलं होतं. लढाई कोणासंग आहे, तं जर्मनसंग. आता आमच्याकडं अल्युमिनच्या गंजाले जर्मनचा गंज म्हणते. याले वाटलं, भांडेवाल्यायचं भांडण आहे, असन दोन-चार महिन्याचं. खरं सांगतो, बोटीत बसेपर्यंत तो असंच समजत होता. हे त्यानं मले लगन झाल्यावर सांगितलं, आणि तेवढं एकच सांगताना तो हसे.

बोट सिंगापूरले गेली. भांडेवाले भेटलेच नाही, जपानी भेटले. गोऱ्या साहेबायनं हात वर केले, आणि हे हजारो काळे लोक कोणाच्या हवाली झाले ते यायले कोणी सांगितलं नाही. मंग अजून एका बोटीत कोंबलं आणि समुद्रातल्या कोण्या बेटावर नेलं. तिथी साडेतीन वर्षं. तिथचं तो बोले नाही. आला तवा माही सासू दारात उभी होती, तिनं त्याले भिकारी समजून पसाभर ज्वारी आणली म्हणे. ज्वारी पाहून तो रडला नाही, कच्चीच खाल्ली.

माह्या वाट्याले आला तो असा माणूस. दारू नाही, शिवी नाही. पण पाणी सांडलं का त्याचं डोस्कं फिरे. लगन झालं त्या वर्षी मी तांदळाचं धुवण उकिरड्यावर फेकलं. त्यानं पाह्यलं, आला, आणि माहा हात पिरगाळला. असा पिरगाळला का कोपरातून आवाज आला. बांगड्या मांसात घुसल्या. मंग स्वतःच हळद लावत बसला. माहा डावा हात आजही सरळ होत नाही. मी त्याले माफ केलं का नाही, ते मी सांगत नाही. पण पाणी मी पुन्हा फेकलं नाही.

छासटच्या सालचा उन्हाळा लय वाईट. आदल्या वर्षी पाणी पडलंच नव्हतं. गावातल्या विहिरी तळाले गेल्या, बगीच्याची तेवढी टिकली. झाडं सहा वर्षाची झाली होती, पहिला बहार घ्यायचा होता. मेच्या सुरुवातीले वकीलसाहेब जीपनं आला. भैय्याजीनं इंजनाचा पट्टा काढून जीपमध्ये टाकला, इंजनाच्या खोलीले कुलूप लावलं.

साहेब म्हणाला, "हे बघ जयवंता, मृग लागेपर्यंत एक थेंबही झाडाला जाता कामा नये. मधेच पाणी मिळालं की फूल येत नाही, नुसती पालवी फुटते. सगळी मेहनत वाया. तू हा बगीचा लावलास, तूच राखण कर. कोणी पाणी वळवताना दिसलं तर मला कळव."

भैय्याजी म्हणाला, "तुमच्यापुरतं घरी प्याचं पाणी दोरानं काढा. बाकी काही दिसलं तं झोपड्या साफ करीन, समजलं का बे?"

जयवंता म्हणाला, "जी."

त्याच हप्त्यात प्रेमिला बाळंतपणासाठी आली. पहिलं पोट, नववा लागलेला. जावई खापरखेड्याच्या पावर हाऊसवर कोळशाच्या कामाले, तो सोडून परत गेला. पोरीचे पाय सुजून खांबासारखे झाले होते. मले एकच काळजी, हिचं पोट मोकळं होईपर्यंत ही झोपडी आणि ही विहीर राहिली पाहिजे. दुसरं मी काही मागत नव्हती.

ऊन असं का, दुपारी चिमण्या झाडाखाली चोच उघडून पडल्या राहत. पंधराएक दिवसात झाडायची पानं मुरडली. मंग पिवळी पडली. बगीच्यातून चाललं का पायाखाली करकर वाजे. लोक म्हणत, ताण चांगला बसून राह्यला. भैय्याजी दोन दिवसाआड येऊन फांदी मोडून पाहे आणि खूश होये.

आणि जयवंता सुकत चालला. आधी त्यानं झोपडीत झोपणं सोडलं, झाडाखालीच पडला राहे. मंग जेवण टाकलं. ज्वारीची भाकर आणि आंबाडीची भाजी समोर ठेवली तं पाहे, एक घास तोंडात घेये आणि चघळत राहे, गिळे नाही. एक दिवस मी पाह्यलं तं पाण्याचा गडवा तोंडाले लावला, उतरवला, आणि तसाच भरलेला घेऊन झाडाकडं गेला. बुडापाशी बसून त्यानं ते पाणी हळूहळू सोडलं, बाळंतिणीले पाजावं तसं. त्याचे ओठ फाटून रक्त आलं होतं.

मी म्हटलं, "तुम्ही वेडे झाले का? मरून जासान."

"ते पाहून राह्यलं माह्याकडं," तो म्हणाला.

"कोण?"

"झाड."

मी गोविंदाले सांगितलं. गोविंदा पंचविशीचा, बैलासारखा ताकदीचा आणि मनानं गाईसारखा. तो जाऊन बसला त्याच्याजवळ. "भाऊजी, साऱ्या गावचे बगीचे ताणावर आहे गा. झाड मरत नाही. दरसाल लोक करते."

जयवंता म्हणाला, "मालूम आहे मले. मरत नाही. तेवढंच पाणी देते का मरत नाही. लय शिस्तीचं काम आहे ते."

"मंग?"

"मंग काही नाही. मले पहारेकरी नाही राहाचं."

मी त्याच्या पाया पडली. खरंच पडली, खोटं नाही. प्रेमिलाले बाहेर आणून त्याच्यासमोर उभं केलं. म्हटलं, "हिचं पोट पाहा. झोपडी गेली तं ही कुठी बाळंत होईन? नाल्यात? थोडेसेच दिवस राहिले. मंग तुम्ही वाटलं तं विहिरीत घाला तो बगीचा." तो पोरीच्या पोटाकडं लय वेळ पाहत राह्यला. मंग म्हणाला, "बरं." आणि त्या दिवशी पाणीही प्यायला, भाकरही खाल्ली. मले वाटलं, जिंकली बाई मी.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी भैय्याजी कोणाच्या लग्नाले गेला. मी पोरीचं अंग चोळत होती, तं मले चाकाचा आवाज आला. करकर, करकर. बाहेर येऊन पाहतो तं हा माणूस विहिरीवर. इंजन येण्याआधीची लोखंडी मोट गोठ्याच्या मागं गंजत पडली होती, ती त्यानं ओढून आणली, दोर बांधला, चाकाले तेल घातलं आणि बैल जुंपले. बैल धावेवरून उतरत होते, मोट वर येत होती, भदाभद पाणी पाटात पडत होतं. झुंजुरकापासून चालू असन, कारण अर्धा बगीचा ओला झाला होता. मातीचा असा वास सुटला होता का माह्याच घशाले तहान लागली.

मी धावत गेली. "थांबवा," म्हटलं, "थांबवा हो, पोरीचा तरी विचार करा." त्यानं ऐकलं नाही. त्याच्या डोळ्यात मी नव्हतीच. हाताची सालटं निघाली होती, दोराले रक्त लागलं होतं. गोविंदानं येऊन बैलाचा कासरा धरला, तं यानं त्याले असा ढकलला का तो पाटात पडला. मंग गोविंदा तसाच चिखलात बसून राह्यला आणि म्हणाला, "बाई, आता काही उपेग नाही. गावानं पाह्यलं असन."

पाह्यलंच होतं. गावाले अशा वक्ती डोळे फुटते. दुपार कलायच्या आधी जीप आली. साहेब पुढं, भैय्याजी मागं, आणि त्याच्यासंग गावातले चार-पाच जण काठ्या घेऊन. ज्यायनं आमचे गुंड फोडले होते तेच.

साहेब बगीच्यात फिरला. चप्पल चिखलात रुतत होती. परत आला तवा त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. तो ओरडला नाही. शिकलेला माणूस ओरडत नाही, तेच तं वाईट.

"का केलंस?" त्यानं विचारलं.

जयवंता म्हणाला, "तहान लागली होती, साहेब."

"कोणाला?"

काठीवाले पुढं सरकले. साहेबानं हात वर केला. "नाही. तुम्ही हात लावायचा नाही. उद्या म्हणतील सवर्णांनी मारलं, कायदा आहे." मंग भैय्याजीकडं पाह्यलं आणि जीपमध्ये जाऊन बसला, तोंड दुसरीकडं करून.

भैय्याजीले इशारा पुरला. त्यानं जीपमधून इंजनाचा पट्टा काढला. चार बोटं रुंद, जाड, जोडावर लोखंडी दात. तो त्यानं गोविंदाच्या हातात दिला. "तू मार. तुमच्यातला आहे, तुमचंच भांडण. नाही मारशीन तं आत्ताच दोन्ही झोपड्या पेटवतो, आणि ते गाभण पोट्टी उन्हात काढतो."

गोविंदानं पट्टा खाली टाकला. एका काठीवाल्यानं त्याच्या तोंडावर बुक्की मारली, दात पडला. दुसरा आमच्या झोपडीकडं निघाला, हातात माचीस. दारात प्रेमिला उभी, पोटावर हात ठेवून. गोविंदानं पट्टा उचलला.

जयवंता स्वतःच गेला आणि सगळ्यात जवळच्या संत्र्याच्या झाडाले हात टेकून उभा राह्यला. सदरा काढून फांदीवर ठेवला. गोविंदानं पहिला मारला तो हळू. नुसता आवाज केला, पट्टा पाठीवर ठेवला म्हणा ना. मले वाटलं, शाबास भावा.

तं जयवंतानं मान वळवली. "हळू नको मारू गा," तो म्हणाला. "जोरानं मार."

"भाऊजी..."

"मी सांगतो ते ऐक. जोरानं मार. हळू मारशीन तं हे लोक पट्टा आपल्या हातात घेतीन."

गोविंदा रडत होता. त्यानं डोळे मिटले आणि मारला. मंग दुसरा. मंग थांबलाच नाही. कातडं फाटल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, ओलं फडकं टरकवावं तसा. जोडाचे दात मांसात अडकत आणि निघताना घेऊन येत. जयवंता ओरडला नाही, तो मोजून राह्यला होता. पण आपल्या भाषेत नाही. इची, नी, सान, शी. दहापर्यंत जाये आणि पुन्हा सुरू करे. काठीवाले हसत होते, मंग त्यायचं हसणं बंद झालं. मी भैय्याजीच्या अंगावर गेली, दोघायनं माहे केस धरून मले जमिनीवर दाबलं. तोंडात चिखल गेला, त्याच्याच पाण्याचा.

शेवटी भैय्याजीच म्हणाला, "बस." गोविंदाले ऐकू गेलं नाही. तो मारतच होता. त्याच्या हातातून पट्टा ओढून घ्या लागला.

झोपड्या राहिल्या. शब्दाचे पक्के होते ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंता पालथा पडला होता. पाठ म्हणजे पाठ नव्हतीच. लघवीतून लाल येत होतं. गोविंदानं भैय्याजीले बैलगाडी मागितली दवाखान्यात न्याले, तो म्हणाला बैल थकले, तुया भाटव्यानं दिवसभर मोट हाकली ना. गोविंदा म्हणे मी पाठीवर नेतो. जयवंताच नाही म्हणाला. म्हणे पोरीले सोडून कोणी कुठी जाऊ नका.

गोविंदा दाराबाहेर बसला होता, आत येत नव्हता. जेवतही नव्हता. उजवा हात मांडीखाली दाबून बसे. जयवंतानं त्याले बोलावलं आणि ज्या माणसानं वीस वर्षं तोंड उघडलं नाही त्यानं उघडलं.

"रामाजी म्हणून होता माह्यासंग," तो म्हणाला. "मौद्याकडचा. एकाच बोटीतून गेलो. त्या बेटावर आम्हाले धावपट्टी बनवाले लावली होती. ऊन असंच. पाणी मोजून. एक टाकी होती, तिच्या सामने उभं करत आणि प्याले देत नसत. रामाजीनं चोरून टाकीले तोंड लावलं. पकडला. ते स्वतः मारत नसत गा, तुया दोस्ताच्याच हातात बांबू देत. आणि ज्याले मारलं त्यानं त्यायच्या बोलीत मोजायचं. माह्या हातात दिला. म्या हळू मारला. माहा दोस्त होता, कसा मारू? त्या शिपायाले समजलं. त्यानं माह्या हातून बांबू घेतला, आणि रामाजीचं डोस्कं नारळावानी..." त्यानं तोंड जमिनीत दाबलं. "माही दया त्याले लागली. म्या जोरानं मारलं असतं तं तो जगला असता."

गोविंदा ऐकत होता. नाकातून पाणी वाहत होतं त्याच्या.

"तू बरोबर केलं," जयवंता म्हणाला. "पोरगी घरात आहे का नाही? मंग. तू बरोबर केलं." मंग माह्याकडं पाहून म्हणाला, "कोणी विचारलं तं याचं नाव घेजो नको."

दोन दिवसानं प्रेमिलाले कळा लागल्या. ती ओरडली तसा तो तापातून उठला. कोणाले मारून राह्यले, कोणाले मारून राह्यले, म्हणत हातावर सरपटत दाराशी आला. जखमा पुन्हा फाटल्या. मी इकडं पोरीचे पाय धरू का तिकडं याले धरू. गोविंदानं त्याले मागून मिठी मारून धरलं, दोघंही रक्तानं भरले. मुलगी झाली. तिचं रडणं ऐकलं तवा तो शांत झाला. विचारलं, "पाणी पाजलं का तिले?" मी म्हटलं, हो. त्याच दिवशी संध्याकाळी गेला.

रात्र संपाच्या आत पाटलानं ठाण्यावर खबर पोचवली होती. सकाळी आम्ही मढं उचलाच्या तयारीत, तं जमादार सायकलवर आला. जीपही आली. साहेब उतरला, जमादाराले खुर्ची द्याले लावली, आणि म्हणाला, "फार वाईट झालं. साल्या-मेहुण्याचं भांडण. मी इथे नसतो, काय करणार. पाच जणांनी पाहिलंय, या गोविंदानं मारलं ते." ते पाचही जण तिथीच उभे होते. हात बांधून, देवळात उभे असल्यावानी.

तवा मले उमगलं, त्या मेल्या भैय्याजीनं पट्टा गोविंदाच्या हातात काहून दिला ते. माहा नवरा गेला, आता भाऊही जाणार. माह्या अंगाची आग आग झाली. वाटलं, नाव घ्यावं वकिलाचं. पण कोणी मानलं असतं? हात गोविंदाचा होता, पट्टा गोविंदाच्या हातात होता, आणि तो येडा स्वतःच उभा राहून सांगाले निघाला होता, "मीच..."

मी त्याच्या थोबाडीत मारली. जमादारासमोर. "तू चूप बस," म्हटलं.

जमादारानं विचारलं, "कोणी मारलं बाई तुया नवऱ्याले? नाव सांग."

मी म्हटलं, "जपान्यायनं."

जमादार म्हणाला, "काय?"

"जपान्यायनं मारलं. लढाईत पकडून नेला होता, साडेतीन वर्षं मारलं त्याले. तो मार आत राह्यला होता, आता बाहेर आला. मालकायले विचारा, लढाईवर होता का नाही."

"आणि हे पाठीवरचं?"

"पाठीवरचं कातड्याचं आहे. कातड्यानं माणूस मरत नाही, आमच्या लोकायले मालूम आहे."

साहेबाच्या तोंडावर रंग परत येताना मी पाह्यला. तपास झाला असता तं पट्टा कोणाच्या जीपमधून निघाला, हेही निघालंच असतं. तो म्हणाला, "शक्य आहे. जुना अंतर्गत आघात. वैद्यकीयदृष्ट्या अगदी शक्य आहे." जमादारालेही सायकलवर मढ्याचं ओझं नको होतं. त्यानं माहा अंगठा घेतला. माह्या बोलण्यानं माहा भाऊ सुटला आणि तोही सुटला. हे मले आजही जळते. लोक म्हणते इंदूबाईनं डोकं चालवलं. डोकं नाही चालवलं मी, एक गिळलं आणि एक वाचवलं.

आम्ही त्रिशरण म्हणून त्याले नाल्याकाठी जाळलं. लाकूडही बगीच्यातलं नाही घेतलं.

भैय्याजी सांगून गेला, मृगापर्यंत राहा, मंग पाहू. साहेब मोठा माणूस आहे, तुमचं वाईट चिंतत नाही. अजून अर्धा बगीचा ताणावर होता, तेवढ्यात तरी बहार येईन या आशेवर ते होते. मी म्हटलं, जी. भैय्याजी नागपूरले गेला तसा मी गोविंदाले उठवलं.

"बैल जुंप," म्हटलं.

तो म्हणाला, "बाई, बहार जाईन. फूलच येणार नाही."

"जाऊ दे."

त्याचा उजवा हात वर होत नव्हता. काही झालं नव्हतं हाताले, पण होत नव्हता. त्यानं डाव्या हातानं कासरा धरला. मी पाटावर फावडं घेऊन, माहा डावा हात असा वाकडा, आणि दोघायचे मिळून दोन हात धड. प्रेमिला तिसऱ्या दिवसाची बाळंतीण, पोरगी छातीशी धरून उंबरठ्यावर बसली होती. उरलेला बगीचा आम्ही पहाटेपर्यंत पाजला, एकेक आळं भरेपर्यंत. शेवटची मोट बैलायले पाजली. मंग बोचकी उचलली आणि खापरखेड्याचा रस्ता धरला. भैय्याजीच्या कानावर जाईपर्यंत आम्ही जावयाच्या चाळीत होतो, आणि पावर हाऊसच्या कोळशात कोणाले कोण ओळखते.

गोविंदा तिथीही जेवत नसे धड. डाव्या हातानं चार घास, बस. दोन महिन्यानं कळमेश्वरकडं कोळशाच्या गाडीवर हमाल म्हणून गेला आणि येताना बोरडोहच्या रस्त्यानं आला. मी चुलीपुढं होती. तो दारात उभा राह्यला.

"बगीचा पाह्यला," म्हणाला.

"फूल?"

"एक नाही बाई. शेजारच्या साऱ्या बगीच्यायले फूल आहे, आपल्याले एक नाही." तो चौकटीले टेकला, "पण पाला असा हिरवा आहे का काय सांगू. उभाच राह्यलो मी."

मी त्याच्यापुढं ताट ठेवलं. त्यानं उजव्या हातानं भाकर मोडली.